सातव्या गाडीची उंची

३ फेब्रुवारी, मंगळवार

चि. चिमटा हिस,
अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे. तो पाळून पुढे जातो, कारण वस्तुस्थिती वेगळी आहे आणि ती क्रमाने सांगितलेली बरी. माझा रक्तदाब गोळ्यांचे ऐकतो. तुझ्या वहिनीचा गुडघा कोणाचेच ऐकत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. साठी उलटलेल्या बहिणीला मी अजून या नावाने हाक मारतो ही तुझी तक्रार जुनी आहे. परंतु सहाव्या वर्षी चिमट्याने मुंग्या उचलून त्यांना रांगेत उभे करू पाहणाऱ्या मुलीला दुसरे नाव शोभले नसते.

रविवारचा टेबलावरच्या लढाईचा खेळ चालू आहे, यापलीकडे त्याच्याविषयी चांगले बोलता येणार नाही. तू येईनाशी झाल्यापासून रणगाडे आणि ट्रक बाहेरून मागवावे लागतात. मागच्या महिन्यात सहा रणगाडे आले. त्यांतील दोघांचे बुरूज फिरत नाहीत. तिसऱ्याचा फिरतो, तो थांबत नाही. ट्रकांच्या अंगावर यंत्राने थरावर थर छापल्याच्या रेषा इतक्या ठळक आहेत की ते कोट घालून लढाईला निघाल्यासारखे दिसतात. एका तोफेची नळी खिडकीतल्या उन्हाने वाकली. आपल्या खेळातले दंतवैद्य म्हणाले, "मास्तर, ही तर लढाईआधीच शरण आलीय." ते हसले. मी हसलो नाही, कारण नळीची लांबी कोठून मोजायची हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि त्याचे उत्तर नियमावलीत नाही.

दुरुस्तीही आता तेच करतात. एका चिलखती गाडीचे निखळलेले चाक त्यांनी दाढ भरायच्या सिमेंटने बसवले. चाक घट्ट बसले, हे मान्य. पण ते शुभ्र आहे. गाडी टेबलावर ठेवली की ती आपल्याला पाहून दात काढते आहे असे वाटते.

दुसरी तक्रार नियमांची. आपली नियमावली त्रेसष्ट पानांची आहे. मी लिहिली, तू टंकलिखित केलीस. ती आता टेबलाच्या आखूड पायाखाली असते. नदीकडच्या माघारीचा डाव चालू असताना दंतवैद्यांनी आपले ट्रक चिखलाच्या रस्त्यावरून पक्क्या सडकेच्या वेगाने पुढे सरकवले. मी आधार विचारला. ते म्हणाले, "आधार कसला? जीव घेऊन पळतायत ती माणसं. पळताना कोण कलमं वाचतं?" तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने अशा वाक्याला काय उत्तर द्यावे? तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचं सैन्य साडेसातला जेवायच्या टेबलावरून हललं नाही, तर मी त्याच्यावरच ताटं मांडणार आहे." ती धमकी नव्हती. नदी आणि एक टेकडी मला त्याच क्षणी उचलावी लागली.

आता मुख्य मुद्दा. दंतवैद्य एका तोफनळीसाठी तुझ्याकडे गेले होते. तुझ्या कामाच्या बाकावर चादर घातलेली होती, आणि तू साचे, लहान लेथ, भिंगाचा दिवा, हत्यारांचे खण, सर्व काही जुने संग्रह घेणाऱ्या त्या व्यापाऱ्याला देणार आहेस, असे त्यांनी येऊन सांगितले. हे खरे असेल तर माझा त्याला विरोध आहे. साचे एकदा गेले की परत येत नाहीत. चाळीस वर्षांचे काम एका रविवारच्या प्रसंगावरून मोडीत काढणे हा विवेक नव्हे.

त्या रविवारचा निर्णय नियमाला धरून होता, एवढे येथे नमूद करतो. कलम एकोणीस स्पष्ट आहे: तोफेच्या तोंडापासून आडोशाच्या माथ्यावरून काळा दोरा ताणायचा, पलीकडच्या गाडीला दोरा लागला तर ती शत्रूला दिसली, आणि रांगेतील एक गाडी दिसली तर सारी रांग दिसली. तुझ्या बारा गाड्या वखारीच्या चाळीस मिलिमीटर उंच भिंतीमागे होत्या. दोरा सात क्रमांकाच्या गाडीच्या छपराला लागला. पंच या नात्याने मला दुसरा निर्णय देता आला नसता. त्या प्रसंगाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

बाकावरची चादर काढ. व्यापाऱ्याला निदान उन्हाळ्यापर्यंत थांबव.

तुझा,
दादा


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. चिमटा हिस,
आशीर्वाद.

तुझे चार ओळींचे पत्र मिळाले. ते मी येथे उतरवून घेतो, म्हणजे मुद्दे निसटणार नाहीत: "दादा, निर्णयाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. दोरा लागला, गाडी दिसली. माझं म्हणणं गाडीबद्दल आहे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर केलेली ती पहिली गाडी, आणि ती दोन मिलिमीटरनं मोठी झाली तरी मला कळलं नाही. पुढचं तूच सांग."

पुढचे सांगतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तिच्यानंतर गाडी झाली, गाडी मोठी निघाली; म्हणून शस्त्रक्रियेमुळे नजर गेली. ही अनुमानाची साखळी माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही लिहिली नसती. आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही. इतर अकरा ट्रक तुझ्या जुन्या साच्यातून आलेले, म्हणून ते बरोबर. सातवी तेवढी पत्र्यातून हाताने कापून घडवलेली. म्हणजे तुझ्या नजरेविरुद्ध साक्षीदार एकच, आणि त्याची उलटतपासणी झालेली नाही.

ती करू. गाडी मोठी होण्याची कारणे मोजकीच संभवतात. पहिले, तुझी नजर चुकली. हे तुझे म्हणणे. दुसरे, तू वापरलेली पोलादी पट्टी सदोष होती. तिसरे, मूळ आराखडाच बहात्तरास एक या प्रमाणाचा होता आणि तो शहात्तरास एक समजून तू कापलास; तसे असेल तर चूक आराखडा छापणाऱ्याची, तुझी नव्हे. चौथी एक शक्यता तत्त्वतः उरते; तिचा विचार मी येथे करीत नाही. पट्टी आणि आराखडा तपासल्याखेरीज पहिल्या कारणावर शिक्कामोर्तब करण्याचा तुला अधिकार नाही.

तू म्हणशील, दादा वाद जिंकतोय. मला वाद जिंकायचा नाही. वीस देशांतले संग्राहक ज्या हाताच्या गाड्यांसाठी वर्ष वर्ष थांबत होते, तो हात सव्वा वर्ष मांडीवर ठेवून बसला आहे, याचा मला राग येतो. तुझा राग येतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने कागदावर लिहून दिले की दृष्टी उत्तम. तू त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीस आणि एका ट्रकवर ठेवतेस.

हे सर्व मी काल वहिनीला वाचून दाखवले. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती. म्हणाली, "तिनं सव्वा वर्षात ब्रश भिजवला नाही, आणि तुम्ही तिला कलमं पाठवताय." मी म्हटले, ही कलमे नव्हेत, हे अनुमान आहे. "मग अनुमान पाठवा," ती म्हणाली, "पण ती रडली असेल तर त्या पानाचा काय उपयोग?" या प्रश्नाचा माझ्या युक्तिवादाशी संबंध नव्हता, तरी तो रात्रभर डोक्यातून गेला नाही.

माझी सूचना साधी आहे. एक गाडी नव्याने कर. कोणतीही. कापण्याआधी मोज, कापल्यावर मोज आणि आकडे मला कळव. नजर गेली असेल तर आकडे तसे सांगतील आणि मी गप्प बसेन.

सातवी गाडी माझ्या कपाटातच आहे. तिच्याविषयी विचारले नाहीस, तरी लिहितो. तिला काही झालेले नाही.

तुझा,
दादा


२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय चिमटा,

आज आशीर्वाद लिहीत नाही. ते देणाऱ्याचे स्थान काही काळ रिकामे आहे असे समज.

तुझे पत्र सोमवारी आले. तू लिहितेस: "एक जीप करून पाहिली. हात चालतो रे. पण प्रत्येक मापाला थांबले, तीनतीनदा मोजलं. पट्टी तपासली, बरोबर आहे. आराखडा तपासला, बरोबर आहे. अविश्वास पट्टीवर नाही, पट्टी वाचणाऱ्या डोळ्यावर आहे. तूच शिकवलंस ना, की सर्वांना लागू होणारं विधान पाडायला एकच विरुद्ध उदाहरण पुरतं. 'माझी नजर मापात चुकत नाही' हे माझं विधान होतं. सातवी गाडी पुरली." आणि खाली: "व्यापारी शुक्रवारी दुपारी टेम्पो घेऊन येतोय. त्याच्याआधी सातवी पाठव. माझ्या नावानं चुकीच्या मापाची गाडी बाजारात फिरायला नको, मी ती स्वतः मोडणार आहे. तू पंच म्हणून बरोबरच होतास, दादा. वाईट वाटून घेऊ नकोस."

शेवटचे वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही.

चौथी शक्यता अशी. भिंतीमागे उभी असलेली गाडी तू केलेली नव्हती.

तुझी सातवी, ते फिरते दुरुस्तीघर, तू माझ्याकडे ठेवायला दिलेस त्यानंतर आठ दिवसांनी मी ती कपाटातून काढली. गाडी चाकांखाली बोटे घालून उचलायची, छपराला धरायची नाही, हे तू प्रत्येकाला बजावतेस. मी छपराला धरून उचलली. ती सुटली. ती कोठे पडली ते पाहायला मी एक पाऊल मागे घेतले आणि ते पाऊल तिच्यावर पडले.

त्याच वेळी सांगायला हवे होते. त्याआधीच्या रविवारी मी काय केले होते ते तुला आठवत असेल. दंतवैद्यांच्या हातून एका तोफेची नळी मोडली, म्हणून मी त्यांना दोन डाव बाहेर बसवले, लेखी माफी घेतली, आणि निष्काळजीपणा हा हेतूचा नव्हे तर चारित्र्याचा दोष आहे, या विषयावर अर्धा तास बोललो. ते बिचारे मान खाली घालून ऐकत होते. सातच दिवसांनी पायाखाली तुझी गाडी. मला ते अर्ध्या तासाचे भाषण माझ्याच तोंडून परत ऐकू येऊ लागले, आणि ज्याला मी आयुष्यभर क्षुद्र म्हणत आलो तेच मी केले. लपवले.

खेळण्यांच्या दुकानात तीच गाडी तयार मिळाली, पण बहात्तरास एक या, म्हणजे किंचित मोठ्या, प्रमाणात. दुकानदार म्हणाला, "एवढासा फरक कुणाला दिसतोय, साहेब." मी त्याच्याशी सहमत झालो. सर्व वाहने शहात्तरास एक याच प्रमाणात असावीत, हे नियमावलीच्या पहिल्या पानावरचे पहिले वाक्य ज्याने लिहिले, तो सहमत झाला. कोपऱ्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याला मी नमुना म्हणून तुझ्या गाडीचे तुकडे दिले. माणूस कसबी निघाला. चिखलाचे शिंतोडे, काचेवरच्या वायपरची पुसट कमान, सर्व हुबेहूब. पोटाखाली तू बारीक सातचा आकडा काढतेस, तोही काढ, असे मी त्याला सांगितले. विसरला असता तर बरे झाले असते. मी आठवण करून दिली.

मग तो रविवार. दोरा छपराला लागला तेव्हा टेबलाभोवतीच्या माणसांत कारण ठाऊक असलेला एकटा मी होतो. निर्णय फिरवायचा तर कारण द्यावे लागले असते, म्हणून मी निर्णय दिला. तू पर्समधून व्हर्नियर काढलास, गाडी मोजलीस, एकेचाळीस पूर्णांक सात असे मोठ्याने वाचलेस. नंतर तिला उलटसुलट करून म्हणालीस, "ही माझ्या हातची वाटतच नाही." तुझी नजर त्या क्षणी खरे तेच सांगत होती, चिमटा. आणि मी म्हणालो, "गाडी कोणाच्या हातची, हे नियमात बसत नाही." तू पोटाखालचा सात पाहिलास, चष्मा काढून डोळे चोळलेस. मी समोर उभा राहून ते पाहिले.

एका डावाचा प्रश्न आहे, पुढच्या रविवारी येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तू आली नाहीस. मग सांगणे दर आठवड्याला अधिक अवघड झाले, आणि मी तुला हेकट ठरवून स्वतःवरचा राग तुझ्यावर काढू लागलो. गेली दोन्ही पत्रे तशी वाच. छापील रेषा, वाकलेली नळी, पांढरे चाक, कशावरही मी चिडू शकतो हे तुला दिसेल. गाडीला काही झालेले नाही, हे मागच्या पत्रातले वाक्य खोटे आहे. ती गाडी तुझीच धरून चालणारे पट्टीचे आणि आराखड्याचे तर्क मी खोटे आहेत हे जाणून मांडले. तर्कशास्त्राचा असा उपयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढले असते.

काल वहिनीला सर्व सांगितले.  ती म्हणाली, "तिचा डोळा गेला असं तिला वाटू दिलंत तुम्ही. एका खेळण्यापायी नाही, तुमच्या ताठ मानेपायी." मी कारणमीमांसेची दोन पाने लिहिली होती. तिने ती वाचली आणि परत दिली. "यातली कारणं काढा. तिला तुमची कारणं नकोत, गाडी हवीय." ती पाने काढली आहेत. जे उरले ते हे पत्र.

दंतवैद्यांनाही आज जाऊन सांगितले. खुर्चीत एक रुग्ण तोंड उघडून बसलेला होता, त्याच्यासमोरच. ते म्हणाले, "मास्तर, मला नंतर बघू. आधी तिला कळवा." माझ्या दोन डावांच्या शिक्षेचे काय, असे मी विचारले, तर त्यांनी मला दाराबाहेर ढकलले.

टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून गुरुवारी पहाटेच्या गाडीने तुझी वहिनी दुखऱ्या गुडघ्यानिशी हे घेऊन तुझ्याकडे निघेल. मी येत नाही. मी समोर असलो की तू माझी समजूत काढत बसशील, आणि वेळ त्यात जाईल. सोबतच्या खोक्यात दोन वस्तू आहेत. विकत घेतलेली गाडी कागदात आहे; ती हवी तशी मोड. कापसात तुझी आहे, तीन तुकड्यांत. टाकून द्यायचे धैर्य मला झाले नाही, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि ते फार नाही.

तुकडे जुळवून मी तिची उंची तीनदा मोजली: एकोणचाळीस पूर्णांक पाच. हवी होती तेवढीच. वखारीच्या भिंतीमागे ती दिसली नसती. तुझ्या बाराही गाड्या नदीपार गेल्या असत्या. फुटल्यामुळे तिची आतली बाजू आता दिसते. मागच्या दारांच्या आत तू हत्यारे टांगायला पितळी तारेच्या खुंट्या बसवल्या आहेस, हे मला माहीत नव्हते. दारे बंद असताना त्या कोणालाच दिसल्या नसत्या. मी भिंग घेऊन त्या मोजल्या. अकरा आहेत. कोणत्याही दोन खुंट्यांमधले अंतर पट्टीवर वेगळे येत नाही. हे काम ऑपरेशननंतर एका डोळ्यावर पट्टी असलेल्या बाईने केले.

माझा शब्द आता पुराव्यात धरू नकोस. व्हर्नियर घे आणि स्वतः मोज.

मला उत्तर लिहिले नाहीस तरी चालेल. व्यापाऱ्याला मात्र वहिनी समोर बसलेली असतानाच फोन कर, आणि टेम्पो पाठवू नकोस म्हणून सांग.

तुझी गाडी मोडणारा,
दादा